विश्लेषण : मोठ्या शहरात सार्वजनिक शौचालय सापडणे इतके अवघड का?

रोहा, वरसे, पेण किंवा नागोठण्याहून कुणी टाटा रुग्णालयात तपासणीला, मंत्रालयात कामाला किंवा उच्च न्यायालयात तारखेला निघते, तेव्हा प्रवासातच तीन-चार तास जातात. दिव्याला किंवा पनवेलला लोकल पकडली, की त्या गाडीत शौचालय नसते. पुढे दिवसभर अनोळखी शहरात काढायचा असतो. अशा प्रवासाला निघणाऱ्या अनेक स्त्रिया सकाळपासूनच पाणी कमी पितात. मधुमेहाचे रुग्ण, प्रोस्टेटचा त्रास असलेले ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, लहान मुलांना घेऊन निघालेले पालक यांनाही घराबाहेर पडताना हाच हिशोब करावा लागतो. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. त्यानंतर शौचालये बांधली गेली आणि शहरांना हागणदारीमुक्तीची प्रमाणपत्रेही मिळाली. तरीही ऐन वेळी शौचालय सापडत नाही, याची कारणे काय?

‘सार्वजनिक’ आणि ‘सामुदायिक’ यांत फरक काय?

शहरातील शौचालयांच्या एकूण आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. ज्यांच्या घरात शौचालय नाही, अशा वस्तीतील ठरावीक कुटुंबांसाठी असते ते सामुदायिक शौचालय. बाजार, स्थानक, बस थांबा, रुग्णालयाचा परिसर अशा ठिकाणी ये-जा करणाऱ्या कुणासाठीही असते ते सार्वजनिक शौचालय. मुंबईसारख्या शहरात मोठी लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहते. त्यामुळे एकूण शौचालयांत सामुदायिक शौचालयांचा वाटा मोठा आहे. ती अत्यंत गरजेची आहेत, पण गल्लीच्या आत असतात आणि त्यांच्यासाठी वस्तीतलेच लोक रांगेत उभे असतात. दादर किंवा परळला उतरलेल्या प्रवाशाला त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच शहरात हजारो शौचकूपे असल्याचे सांगितले जाते तेव्हा त्यांपैकी वाटसरूला वापरता येतील अशी किती, हा प्रश्न विचारावा लागतो.

अंतराचा निकषही महत्त्वाचा आहे. हागणदारीमुक्त शहराच्या निकषांनुसार व्यापारी भागात एक किलोमीटरच्या आत सार्वजनिक शौचालय असावे. कागदावर हे अंतर थोडे वाटते. गर्दीच्या रस्त्यावरून ते चालायला १२ ते १५ मिनिटे लागतात आणि परत यायला तितकीच. वृद्ध, आजारी किंवा हातात मूल असलेल्या व्यक्तीसाठी एवढे अंतर म्हणजे सोय नसल्यासारखेच.

मुंबईतील आकडे काय सांगतात?

नागरी प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रजा फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मुंबईत सार्वजनिक शौचालयाच्या एका आसनामागे ७५२ पुरुष आणि १,८२० स्त्रिया असे प्रमाण होते. तुलनेसाठी घेतलेला स्वच्छ भारत अभियानाचा निकष होता १०० ते ४०० पुरुष आणि १०० ते २०० स्त्रिया. म्हणजे पुरुषांसाठी सोय निकषाच्या वरच्या मर्यादेपेक्षा जवळपास दुपटीने अपुरी, तर स्त्रियांसाठी नऊ पटीने. सार्वजनिक शौचालयांतील दर चार आसनांपैकी साधारण एकच स्त्रियांसाठी असल्याचेही या अहवालातून पुढे आले.

निकषात स्त्रियांसाठी जास्त आसने धरलेली आहेत, त्यालाही कारण आहे. स्त्रियांना प्रत्येक वेळी बंद खोलीच लागते. कपडे, मासिक पाळी, सोबतचे मूल यांमुळे वेळही अधिक लागतो. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली तरी रांग स्त्रियांच्याच बाजूला लागते. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला समान जागाही आलेली नाही.

स्त्रियांकडूनच पैसे का घेतले जातात?

यामागे शौचालय चालवण्याची पद्धत आहे. अनेक ठिकाणी पालिका जागा देते, संस्था किंवा कंत्राटदार शौचालय बांधतो अथवा चालवतो आणि शुल्कातून देखभालीचा खर्च भागवतो. ‘सुलभ’ने ही ‘पैसे द्या व वापरा’ पद्धत देशभर रुजवली. इतकी, की मराठीत आजही लोक शौचालय कुठे आहे असे न विचारता ‘सुलभ कुठे आहे?’ असे विचारतात. या पद्धतीत मुतारी सहसा मोफत आणि शौचकूपाला पैसे असतात. पुरुषांना लघवीसाठी मुतारी मिळते. स्त्रियांसाठी वेगळी मुतारी बहुतेक ठिकाणी बांधलेलीच नसते, त्यामुळे त्यांना लघवीलाही शौचकूपच वापरावे लागते आणि पैसे मोजावे लागतात.

मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने नेमका हाच मुद्दा हाती घेतला. ‘कोरो’ आणि इतर संस्था-संघटनांच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन शौचालयांची पाहणी केली. स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ, दिवे व कडी असलेल्या मुताऱ्या असाव्यात, अशी त्यांची मागणी होती. भाजी विकणारी, कचरा वेचणारी, बंदोबस्तावर असलेली किंवा फिरतीची नोकरी करणारी स्त्री दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच रुपये भरते, तेव्हा महिन्याकाठी तिच्या कमाईतून काहीशे रुपये यावर जातात. ते वाचवण्याचा मार्ग म्हणजे पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने हा धोका त्यांना मुळातच अधिक असतो.

याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम म्हणजे वेळा. शुल्कावर चालणारे शौचालय गर्दी असेपर्यंत उघडे राहते. रात्री गिऱ्हाईक कमी झाले, की कुलूप लागते. पहाटेची गाडी पकडणाऱ्या किंवा रात्री उशिरा परतणाऱ्या प्रवाशाला इमारत दिसते, पण ती वापरता येत नाही. सरकारी नोंदीत मात्र ते शौचालय मोजलेले असते.

कायदा आणि न्यायालये काय म्हणतात?

सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे आणि स्वच्छ ठेवणे हे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ६१ नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ही ऐच्छिक सेवा नाही.

पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित शौचालये असणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मानले. राज्यातील महापालिकांनी त्यासाठी समित्या नेमून आराखडा तयार करावा, असे निर्देशही दिले. पुढे १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीब कलिता खटल्यात देशातील सर्व न्यायालये व न्यायाधिकरणांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र शौचालये उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. तारखेसाठी आलेल्या पक्षकारालाही ही सोय मिळाली पाहिजे, हा या आदेशाचा अर्थ.

मोबाइलच्या नकाशावर शौचालय मिळत नाही का?

काही प्रमाणात मिळते. केंद्रीय नगरविकास मंत्रालय आणि गुगल यांनी डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली परिसर व मध्य प्रदेशातील शहरांत नकाशावर सार्वजनिक शौचालये दाखवण्यास सुरुवात केली. पुढे ही सोय देशातील इतर शहरांतही नेण्यात आली. ‘टॉयलेट’, ‘शौचालय’ किंवा ‘सुलभ’ असे शब्द टाकून जवळची ठिकाणे शोधता येतात. शोधताना ताज्या तारखेचे अभिप्राय आणि छायाचित्रे पाहिल्यास अंदाज येतो.

पण नकाशावरचा ठिपका जागा सांगतो, स्थिती सांगत नाही. ते आज उघडे आहे का, पाणी आहे का, स्त्रियांच्या बाजूला कुलूप आहे का, व्हीलचेअर आत जाते का, ही माहिती कुणी रोज भरल्याशिवाय तिथे येत नाही. शिवाय ज्यांना याची सर्वाधिक गरज असते, अशा अनेकांकडे स्मार्टफोन किंवा डेटा नसतो. म्हणून रस्त्यावरील बाण असलेली साधी पाटी अजूनही महत्त्वाची आहे. रेल्वे स्थानकाबाहेर ‘शौचालय, २०० मीटर, सकाळी ५ ते रात्री १२’ अशी पाटी लावायला फार मोठा खर्च येत नाही. तरीही ती क्वचितच दिसते.

हॉटेल किंवा पेट्रोल पंपावर हक्काने जाता येते का?

१८६७ च्या सराय कायद्यानुसार कोणत्याही हॉटेलात मोफत शौचालय वापरता येते, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. तो दिशाभूल करणारा आहे. हा कायदा प्रवाशांच्या मुक्कामाच्या सरायांची नोंदणी, स्वच्छता आणि राखण यांसाठी केलेला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही उपाहारगृहातील शौचालय वापरण्याचा स्पष्ट हक्क त्यात दिलेला नाही. दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१७ मध्ये उपाहारगृहांतील शौचालये जास्तीत जास्त पाच रुपये घेऊन सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला होता. असा निर्णय स्थानिक संस्थेने घेतला, तरच हॉटेलचालकावर जबाबदारी येते.

पेट्रोल पंपांवर स्वच्छ शौचालय ठेवणे तेल कंपन्यांच्या नियमावलीनुसार अपेक्षित आहे. मात्र ते ग्राहकांसाठी की सर्वांसाठी, यावरून वाद आहे. केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे, ती सर्वांना खुली ठेवण्याची पंपचालकांवर सक्ती करण्यास राज्य सरकार व स्थानिक संस्थांना मनाई केली होती. नंतर महामार्गांवरील पंपांबाबत या आदेशात बदल करण्यात आला. मुंबई-गोवा महामार्गाने प्रवास करणाऱ्यांसाठी हा वाद जवळचा आहे. वडखळ, नागोठणे, कोलाडदरम्यान अनेकांचा भरवसा पंप आणि ढाब्यांवरच असतो.

वरसे, रोह्यात कोणता नियम लागू होतो?

येथे हद्दीचा प्रश्न येतो. उच्च न्यायालयाचे २०१५ चे निर्देश महापालिकांना होते. त्या वेळी रायगड जिल्ह्यात एकही महापालिका नव्हती. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. रोहा-अष्टमी नगरपरिषदेकडे आहे, तर शहराला लागून वाढलेल्या वरसे गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. रस्ता आणि बाजारहाट एकच असला, तरी हद्द ओलांडली की निधी आणि जबाबदारी बदलते. नगरपरिषदेला स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी भागातून निधी मिळतो, ग्रामपंचायतीला ग्रामीण भागातून.

ग्रामीण अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ‘सामुदायिक स्वच्छता संकुला’साठी तीन लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. त्यातील ७० टक्के अभियानातून आणि ३० टक्के ग्रामपंचायतीकडील वित्त आयोगाच्या निधीतून, असा वाटा ठरला होता. बाजार, बस थांबा अशा वर्दळीच्या जागी ही संकुले बांधता येतात. मात्र बांधकामानंतरचे पाणी, वीज, सफाई आणि राखणदार यांचा खर्च स्थानिक पातळीवरच उभारावा लागतो. शहर असो वा गाव, उद्घाटनानंतर काही महिन्यांत शौचालय बंद पडते ते बहुधा या खर्चाची सोय न केल्यामुळे. पुण्यात जुन्या बस वापरून २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ती’ स्वच्छतागृहांचे देशभर कौतुक झाले, पण पुढे त्यातील अनेक बंद पडली.

यावर उपाय काय?

जर्मनीतील आलेन शहराने २००० मध्ये एक सोपी योजना सुरू केली. नगरपालिका दुकानदार व उपाहारगृहांना दरमहा ठरावीक रक्कम देते. त्या बदल्यात ते आपले शौचालय खरेदीची अट न घालता सर्वांसाठी खुले ठेवतात आणि दारावर तसे चिन्ह लावतात. नवे बांधकाम करावे लागत नाही, सफाईची जबाबदारी ठरलेली असते आणि चिन्हामुळे शोधाशोध वाचते. पुढे जर्मनीतील इतर अनेक शहरांनी ही योजना स्वीकारली. आपल्याकडे जागेची टंचाई आणि शौचालयाशेजारी नको म्हणणारे रहिवासी, या दोन्ही अडचणींवर हा मार्ग उपयोगी ठरू शकतो.

त्याआधी मोजण्याची पद्धत बदलावी लागेल. ‘किती आसने बांधली’ याऐवजी ‘किती आसने किती तास उघडी होती, त्यातील स्त्रियांसाठी किती’ ही नोंद प्रभागनिहाय जाहीर झाली, तर कंत्राटदाराला पैसे कशासाठी द्यायचे हेही ठरेल. स्त्रियांच्या मोफत मुताऱ्या, स्थानकाबाहेरील पाट्या आणि देखभालीची अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही. कर्तव्य १८८८ पासून लिहिलेले आहे, हक्क २०१५ मध्ये मान्य झाला आहे. ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत नागरिकांनी ‘शौचालय आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘ते किती ते किती उघडे असते आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?’ हे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला बांधकामाचा आकडा सांगून सुटता येणार नाही.