चांद किती, भरती किती?

पालकसभा संपली की दोन-चार आया मागे रेंगाळतात. त्यांचे म्हणणे ठरलेले असते. "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. मोबाईल हातातून सुटत नाही." मागच्या थंडीत अशीच एक आई थांबली. मुलगी नववीत, वडील कुवेतला नोकरीला. आई म्हणाली, "व्हिडिओ बघते म्हणावं तर तेही नाही. रात्री काहीतरी टाइप करत बसते, खोडते, परत टाइप करते. विचारलं तर म्हणते, काम आहे. नववीतल्या पोरीला रात्री दहा वाजता कसलं काम?"

मी थोडी ओशाळले. कारण त्या 'कामा'ला सुरुवात मीच करून दिली होती.

झाले होते असे. आमचे गणिताचे सर, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारा आमचा एक जुना विद्यार्थी, ही मुलगी आणि मी, असे चौघे रविवारी दोन तास बसू लागलो होतो. शाळेचा उपक्रम नव्हता, कुणी सांगितलेही नव्हते. इंटरनेटवर उघडेल असे एक साधे पान तयार करायचे, एवढेच ठरले होते. कशाचे पान, यावर पहिला रविवार गेला. मुलगी म्हणाली, "भरतीचं करूया."

आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी माहीत नसून चालत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरतीला त्याला पाण्याचा वेढा पडतो. कालवं आणि शिवल्या काढायला जाणाऱ्या बायकांचा दिवस पाण्यावर ठरतो. होडी खाडीतून कधी निघणार, हेही पाणीच ठरवते. जुन्या माणसांना हे हिशेब तोंडपाठ असतात. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र भूगोलाच्या पुस्तकातली उधाणाची आकृती येते, समोरचे पाणी किती वाजता चढेल ते सांगता येत नाही.

कोकणात याचा एक जुना नियम आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून दुपारचे तीन आणि रात्रीचेही साधारण तीन. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. पूर्ण भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. जुन्या लोकांनी 50 ऐवजी पाऊण तास धरला, कारण पाऊणकीचा पाढा त्यांना पाठ होता आणि हिशेब तोंडी करायचा होता.

हाच नियम पानावर घालायचा ठरला. आमच्या घरांत तिथीपेक्षा चांदची तारीख चटकन सांगतात, म्हणून पानावर एकच चौकट ठेवली: 'आज चांद किती?' आकडा घाला, बटण दाबा, की भरतीची वेळ. पंधराच्या पुढचा आकडा आला तर त्यातून पंधरा वजा करायचे, ही एवढी अट मुलीने स्वतः लिहिली. प्रोग्रॅम म्हणजे काय, ते तिला त्या एका 'जर-तर'मध्ये कळले. खाली एक होडी काढली. उधाण असेल तेव्हा ती उसळते, भांग असेल तेव्हा जांभई देते. होडी का जांभई देते, असे सरांनी विचारले तर म्हणाली, "भांगेला पाण्यात जोरच नसतो ना, सर."

सगळे मिळून पान एका फोटोपेक्षा हलके झाले. एकदा उघडून साठवून ठेवले की नेट नसतानाही चालते. खर्च काही आला नाही. वेब ही मुळातच खुली गोष्ट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ती उभी केली आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ती सर्वांना मोफत वापरायला दिली. तेव्हापासून पान लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही खुशीत पान मोहल्ल्यात दाखवले. दुसऱ्याच दिवशी एक खाला घरी आल्या, संतापून. चांदची 2 तारीख होती. पानाने सकाळी सव्वासातच्या सुमारास पूर्ण ओहोटी सांगितली, म्हणून त्या घरचा नाश्ता टाकून शिवल्या काढायला गेल्या. पाणी अजून खडकांवरच होते. "तासभर बसवून ठेवलंत मला. घरी सगळे उपाशी, आणि मी पाण्याकडे बघत बसले."

आम्ही हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. गुणाकार बरोबर, अट बरोबर. शेवटी मुलीच्या शेजारच्या चाचांकडे गेलो. चाचांनी पंचवीस वर्षे तांडेल म्हणून होडी सांभाळली आहे. त्यांनी मोबाईल हातात न घेताच विचारले, "चांदची तारीख तशीच घातलीत? त्यात एक मिळवायचा. कधी कधी दोन."

"चाचा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सरांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. 3 मे 2022 रोजी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली होती. पुढच्या वर्षी 22 एप्रिलला पुन्हा तसेच झाले. म्हणजे चांदची 1 तारीख आणि तिथी तीन! तिथी अमावास्येपासून मोजतात, तेव्हा चंद्र दिसतच नाही. आपली तारीख चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर सुरू होते, म्हणजे एक-दोन दिवस उशिरा. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, फक्त सुरुवात वेगळी आहे. आम्ही एकीचा आकडा दुसरीच्या नियमात घातला आणि पाण्याला पाऊण ते दीड तास अगोदर बोलावले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. या वेळी खाला नुसत्या ताटकळल्या. पण चूक उलटी झाली असती तर? पानाने ओहोटीची वेळ उशिराची सांगितली असती, त्या निवांत शिवल्या काढत राहिल्या असत्या आणि मागून पाणी चढले असते तर? उधाणाला मुंबईजवळच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. खेळ म्हणून केलेल्या पानावर माणसे विश्वास ठेवतात, आणि तो विश्वास ही अमानत असते. कुणी पैसे दिले नाहीत म्हणून ती कमी होत नाही.

मग पान सुधारले. आता ते तिथी विचारते. चांदची तारीख दिली तर एकच वेळ सांगत नाही. 'दीड ते सव्वादोनच्या दरम्यान' असे म्हणते. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'हा अंदाज आहे. खाडीत आत भरती उशिरा पोहोचते. पाण्यात जायचे तर छापील कोष्टक पाहा आणि जाणत्या माणसाला विचारा.' भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. उंच लाटांचे आणि खवळलेल्या समुद्राचे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतात. आमची होडी उसळते आणि जांभई देते, तिने तेवढेच करावे.

फावल्या वेळच्या अशा छोट्या उद्योगांचा इतिहास मी नंतर वाचला, तेव्हा चाचांची आठवण आली. 'वर्डल' हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ तुमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलांना माहीत असेल. जॉश वॉर्डल या अमेरिकेत राहणाऱ्या इंजिनिअरने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला, कारण तिला शब्दांचे खेळ आवडत. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000. त्यातले बरेचसे कुणी ऐकलेलेही नसतात. पलकने एकेक शब्द पाहून ओळखीचे सुमारे 2,500 ठेवले. खेळ दिवसाला एकच, जाहिरात नाही. 1 नोव्हेंबर 2021 रोजी तो 90 जण खेळले. दोन महिन्यांनी रोजचे खेळाडू 3 लाखांवर गेले आणि जानेवारी 2022 च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. लोकांना विक्रीचा आकडा आठवतो. मला ते शब्द निवडणे आठवते. संगणकाचे काम एकाने केले, पण कोणता शब्द माणसाच्या तोंडी आहे हे ठरवायला दुसरे माणूस लागले. आमच्याकडे ते माणूस शेजारीच राहत होते, फक्त आम्ही उशिरा गेलो.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि माझ्या पेशातले. राजस्थानातल्या अलवरचे इमरान खान सरकारी संस्कृत शाळेत शिक्षक. संगणकाची पदवी नाही, स्वतः शिकून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक शैक्षणिक अ‍ॅप बनवली आणि मोफत दिली. नोव्हेंबर 2015 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरील भाषणात पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले, तेव्हा देशाला ते कळले. काम त्याआधीच झालेले होते, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात.

पालक मला विचारतात, याने मार्क वाढतात का? खरे सांगायचे तर मला माहीत नाही. एवढे पाहिले की गुणाकार चुकला नसतानाही उत्तर चुकू शकते, हे त्या मुलीला कळले. चूक शोधायला ती पुस्तकाकडे गेली, आकाशाकडे गेली आणि शेवटी एका म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसली. जो मोबाईल तिला घरातल्या माणसांपासून दूर नेतो म्हणून आपण काळजी करतो, त्याच मोबाईलमुळे तिने चाचांना पहिल्यांदा काहीतरी विचारले.

तुमच्या घरी करून पाहायचे असेल तर सुरुवात मोबाईलपासून करू नका. घरातल्या कुणाला तरी येणारा एक हिशेब निवडा. भाताला पाणी किती, पापडाच्या पिठाला मीठ किती, सुक्या मासळीला ऊन किती दिवस. त्या माणसासमोर बसून नियम कागदावर लिहा आणि 'हे कधी चुकतं?' असे मुद्दाम विचारा. उत्तरात खरे ज्ञान असते. मग पान बनवा, तीन जणांना वापरायला द्या आणि त्यांच्या तक्रारी लिहून घ्या. आणि पानावर आपल्या अंदाजाची मर्यादा ठळक लिहा. वापरणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर मागू नका. भरती सांगायला नाव कशाला हवे?

आता त्या आईकडे येते. मी तिला म्हटले, "रात्री दहानंतर मोबाईल तुमच्या उशाशी ठेवा, यात मी तुमच्या बाजूने आहे. पण काय टाइप करते ते एकदा तिच्या शेजारी बसून बघा."

पंधरा दिवसांनी ती शाळेच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, "बघितलं." मुलीने भरतीचे पान संपवून स्वतःचे एक पान सुरू केले होते. त्यावर दोन घड्याळे, एक आपले आणि एक कुवेतचे, अडीच तास मागे. खाली एक दिवा. अब्बांची ड्युटी चालू असली की लाल, सुटली की हिरवा. हिरवा लागला की फोन करायचा. ड्युटीच्या वेळा बदलल्या की दिवा चुकत होता, म्हणून ती रोज रात्री खोडत होती.

"मग आता?" मी विचारले.

"आता वेळा मी सांगते तिला," आई म्हणाली. "त्यांच्या ड्युटीचं मलाच माहीत असतं ना."