मालाची नोंद झाली, मजुराची कधी होणार?

अमेरिकेतील वॉलमार्ट कंपनीने २०१७ साली एका चाचणीचे आकडे जाहीर केले. दुकानातल्या चिरलेल्या आंब्याचे पाकीट कोणत्या बागेतून आले, हे शोधायला पूर्वी जवळपास सात दिवस लागत. ब्लॉकचेनवर ते २.२ सेकंदांत कळले. फळाचा माग इतक्या झटपट लागतो. मग ते तोडणाऱ्या हाताचा का लागत नाही?

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकाच वेळी असलेली वही. तिचे प्रत्येक पान मागच्या पानाशी जखडलेले असते, त्यामुळे गुपचूप खाडाखोड करता येत नाही. खोक्याला चिकटवलेली आरएफआयडी चिप रेडिओलहरींनी, खोके न उघडता वाचता येते. तंत्र चांगले आहे आणि आम्ही यंत्राचे शत्रू नाही. पण वहीत पहिली ओळ कोण लिहितो, हा खरा प्रश्न आहे. पहिली ओळच खोटी असेल, तर हे तंत्र खोटेपणाला कायमचे करून ठेवते. सावकाराच्या वहीवर अंगठे उठवलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राचाच अनुभव पाहा. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला. निर्यात धोक्यात येताच यंत्रणा हलली आणि २००६ साली अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी, अंशाची तपासणी, पेटीचा माग, सारे जुळून आले. युरोपच्या ग्राहकाच्या पोटात विष जाऊ नये, हे योग्यच. परंतु २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या श्वासात गेलेल्या विषाची नोंद कोणत्या वहीत होती?

आता कापसाचीही पाळी आली आहे. २०२० साली केंद्र सरकारने ‘कस्तुरी’ हा कापसाचा ब्रँड जाहीर केला. त्याच्या गाठींचा माग क्यूआर कोड आणि ब्लॉकचेनने ठेवला जातो. पण गाठ बांधली जाते जिनिंगमध्ये. त्याआधी बोंडे वेचणाऱ्या बाया, त्यांत बहुसंख्य भूमिहीन दलित, आदिवासी, बहुजन, किलोवर मजुरी घेतात आणि काटा मालकाचा असतो. गाठीला ओळख मिळते, वेचणारी मात्र निनावीच राहते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. साखळीची पहिली नोंद शेतात व्हावी. वेचलेले किलो, ठरलेला दर, हातात पडलेली मजुरी आणि फवारणीसाठी दिलेली संरक्षक साधने तिच्यात असावीत. तिची मराठी पावती मजुराला मिळावी, हरकतीचा अधिकार मजूर संघटनांना असावा आणि चुकीची दुरुस्ती नव्या नोंदीने उघडपणे व्हावी. याचा खर्च लहान शेतकऱ्याच्या माथी न मारता ब्रँडचा नफा खाणाऱ्यांनी उचलावा. आणि चिप खोक्यालाच लागावी. माणसाच्या हालचालीवर पाळत ठेवायला ती वापरली गेली, तर आमचा विरोध ठाम राहील.

माल शुद्ध असल्याचा दाखला हवा असेल, तर मजुरी चोख दिल्याचाही दाखला त्याच वहीत दिसला पाहिजे.