एडवर्ड : पराभूतांच्या नावाची कथा

नावात काय आहे, असे विचारून मोकळे होणाऱ्यांनी ‘एडवर्ड’ या इंग्रजी नावाचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. नामकोशात त्याचा अर्थ एका ओळीत उरकलेला असतो : ‘एड’ म्हणजे समृद्धी, ‘वर्ड’ म्हणजे रक्षक. अर्थ अचूक आहे. परंतु या नावाने काय सोसले, ते त्या ओळीत येत नाही.

एडवर्ड हे अँग्लो-सॅक्सन नाव. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या रणभूमीवर राजा हॅरॉल्ड पडला आणि इंग्लंड नॉर्मनांच्या हाती गेले. जेत्यांनी जमिनी बळाने घेतल्या. नावांसाठी मात्र उपहास पुरेसा ठरला. मातृकुळाने सॅक्सन राजवंशातील असलेली इडिथ ११०० मध्ये पहिल्या हेन्रीची राणी झाली आणि तिची ‘मटिल्डा’ झाली. तरीही नॉर्मन सरदार या दाम्पत्याला ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ अशा अस्सल सॅक्सन नावांनी हिणवीत. ऑर्डरिक नावाचा दहा वर्षांचा इंग्रज मुलगा नॉर्मंडीतील मठात गेला. नाव कानाला कर्कश वाटते म्हणून त्याला ‘व्हायटॅलिस’ केले गेले. पुढे तर इंग्रज मातापिताच आपल्या मुलांना विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड म्हणू लागले. दीड-दोन शतकांत बहुतेक जुनी नावे लोपली. आज जगाला अस्सल इंग्रजी वाटणारा ‘विल्यम’ हा वस्तुतः जेत्याचा ठसा आहे!

एडवर्ड तरले ते स्मृतीच्या बळावर. १०६६ च्या प्रारंभी निवर्तलेला राजा एडवर्ड ११६१ मध्ये संत म्हणून घोषित झाला. त्याच्यावरील भक्तीपोटी तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये जन्मलेल्या पुत्राला तेच नाव दिले. १२७२ मध्ये हा पुत्र राजा झाला आणि जेत्यांच्याच वंशात जितांचे नाव सिंहासनावर बसले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पुत्राने ‘आल्बर्ट’ हे पित्याचे नाव बाजूस सारून ‘एडवर्ड’ म्हणून राज्य स्वीकारले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या नावातील ‘ई’ तो हाच. स्वभूमीत हिणवल्या गेलेल्या नावकुळातील हे नाव साम्राज्याची मुद्रा होऊन मुंबईपर्यंत आले.

रणांगणावरील पराभवाने नावे मरत नाहीत. ती उच्चारण्याची लाज वाटू लागली की मरतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात जे सांगते, ते केवळ हाक मारण्याचे साधन नसते. समाज स्वतःला काय समजतो, त्याचा तो पहिला उच्चार असतो.