'हे तर आमच्याकडे होतेच!'

टेरी रायली या अमेरिकन संगीतकारांची 'इन सी' ही रचना 'ब्रुकलिन रागा मॅसिव्ह' या न्यूयॉर्कच्या वादकसमूहाने ध्वनिमुद्रित केली आणि 2017 साली ती प्रसिद्ध झाली. मिनिमलिझम (याला कोणी 'अल्पतमवाद' म्हणतात, पण तो शब्द अजून जिभेवर बसलेला नाही) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतातील ही एक आद्य रचना. आणि ती वाजवायला सतार, सरोद, बासरी, तबला, जोडीला व्हायोलिन आणि चेलो. मालवण तालुक्यातील एका घरगुती बैठकीत मराठीच्या पाचसहा प्राध्यापकांना मी ती ऐकवली. दहा मिनिटे झाली नसतील, तोच एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "यात नवे काय आहे? दशावतारात रात्रभर हेच चालते. हे तर आमच्याकडे होतेच!" दुसऱ्यांनी लगेच किराणा घराण्याचे नाव घेतले. सर्वांनी माना डोलावल्या, ध्वनिमुद्रण बंद झाले आणि विषय बांगड्याच्या भावावर गेला.

माझे भांडण त्या माना डोलावण्याशी आहे. 'आमच्याकडे होतेच' हे वाक्य अभिमानाचे वाटते, पण बहुतेक वेळा ते आळसाचे असते. ते उच्चारले की समोरचे ऐकणे टळते. आणि जे आमच्याकडे होते म्हणून सांगितले जाते, तेही ऐकणे टळते.

आधी किराणा घराण्याचा निकाल लावू. अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 साली अमेरिकेत गेले. ला माँट यंग, मेरियन झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचे रीतसर शिष्यत्व पत्करले. 1996 मध्ये प्राणनाथ निवर्तले तोवर हे नाते टिकले. ही गोष्ट खरीच आहे. अब्दुल करीम खाँ जिथे राहिले आणि जिथे आजही तंबोरे घडतात ते मिरज आपल्यापासून फार दूर नाही, त्यामुळे तिचा आनंद वाटणेही स्वाभाविक आहे. पण 'इन सी' पहिल्यांदा वाजली ती सॅन फ्रान्सिस्कोत, नोव्हेंबर 1964 मध्ये, म्हणजे गुरू भेटण्याच्या सहा वर्षे आधी. तिची एक वाट रायलींच्या ध्वनिफितींच्या प्रयोगांतून येते. फितीचा तुकडा गोल जोडून तो पुन्हा पुन्हा वाजवायचा, असे काम त्यांनी 1963 साली पॅरिसमध्ये चेट बेकर या जॅझ ट्रंपेटवादकाच्या वादनावर केले होते. शिष्य गुरूकडे गेला तो स्वतःचे काम बरोबर घेऊन. 'आमचेच उचलून त्यांनी केले' ही मांडणी सनावळीच्या पहिल्याच पायरीवर घसरते.

आता रचनेकडे. 'सी' म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. कागदावर लहान लहान 53 स्वरगट क्रमाने लिहिलेले आहेत. सगळी रचना एका पानात मावते. वादक कितीही, वाद्ये कोणतीही. प्रत्येकाने पहिल्या स्वरगटापासून शेवटच्यापर्यंत जायचे, मात्र एकेक स्वरगट किती वेळा वाजवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. वरच्या सप्तकातील 'सी'चा एकसारखा ठोका सर्वांना बांधून ठेवतो. ही सूचना पहिल्या प्रयोगात वाजवणाऱ्या स्टीव्ह राइश यांची. पथ्य एकच : इतरांपेक्षा दोनतीन स्वरगटांहून अधिक पुढे धावायचे नाही की मागे रेंगाळायचे नाही. मला या रचनेतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे पथ्य. सतारीला तबल्याची साथ, ही आपल्या मैफलीची उतरंड येथे कागदावरच मोडलेली आहे. मुख्य कलाकार कोणी नाही, म्हणून साथीदारही कोणी नाही. सम नाही, त्यामुळे समेवर मान हलवण्याची सवय असलेल्या श्रोत्याची मान अधांतरी राहते. आमच्या बैठकीत जी अस्वस्थता पसरली ती बहुधा याचीच होती. तिला आम्ही 'यात नवे काय' असे नाव दिले.

आणि दशावतार? कार्तिकी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्र चढली की देवळापाशी आडदशावतार उभा राहतो. गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर येऊन जातात, आणि मग जे आख्यान लागते ते पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत. कडेला तीन माणसे बसलेली : पायपेटी, मृदंग आणि झांज. संहिता लिहिलेली नाही. कथानक ठरलेले, संवाद जागच्या जागी रचायचे. त्यामुळे वादकांपुढे कागद नसतो, आणि नटावरून नजर हलवण्याची सोयही नसते. राजा येतो तो पावलांच्या ठेक्यावर. त्याने एक फेरी कमी घातली तर मृदंग तेथेच आवरतो. युद्धाला रंग चढला, समोरून शिट्ट्या आल्या, की तोच बोल आणखी वीस वेळा वाजतो. नटाला पुढचे वाक्य सुचेना झाले तर पेटी स्वर धरून ठेवते आणि झांज त्या रिकाम्या जागेत असे काही करते की प्रेक्षकाला वाटावे, हा थांबा ठरलेलाच होता. ही वाट पाहण्याची पुनरावृत्ती आहे. मृदंगवाला कोणासाठी तरी थांबलेला असतो. 'इन सी'मधला सतारिया कोणत्याही पात्राची वाट पाहत नाही. तो शेजारच्या सरोदवाल्याचे ऐकून, येथेच राहू की पुढच्या स्वरगटात पाऊल टाकू, एवढेच ठरवत असतो. एकीकडे पुनरावृत्ती नाट्याच्या सेवेत आहे, दुसरीकडे नाट्य मुद्दाम काढून घेतल्यावर जे उरते ते ऐकायचे आहे. या दोन्हींना 'तेच तेच' म्हणणारा माणूस दोन्ही ठिकाणी झोपलेला असतो.

साम्यच हवे असेल तर ते डबलबारीच्या गजरात थोडे सापडेल : एक ओळ, पखवाज, झांजा आणि इंचाइंचाने चढत जाणारी लय. पण तेथेही बुवा पुढे असतो, कोरस मागे, आणि समोर दुसरे बुवा उत्तर द्यायला टपलेले. असो.

आपण मराठीवाले येथे अडखळतो याला आपले शिक्षणही कारण आहे. साहित्यशास्त्राने पुनरुक्ती आपल्याला दोष म्हणून शिकवली. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. पण ज्या रचनेत विरोध जवळजवळ काढूनच टाकला आहे, बदल इतका सावकाश होतो की तो होऊन गेल्यावर कळतो, तिच्यासमोर ही मांडणी कितपत टिकते, असा प्रश्न आपण कधी काढला आहे काय? काढला तर मर्ढेकर लहान होणार नाहीत; आपली उत्तरपत्रिका तेवढी कठीण होईल. अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी आदिम, लोक, धर्म, कला, जन, संगम अशा संगीतकोटी मांडल्या, त्या कोणत्या संगीताला कोणते प्रश्न विचारावेत हे कळण्यासाठी. आपण नावे पाठ केली, दशावतार 'लोक'च्या खोलीत टाकला आणि बाहेरून कडी लावली.

जुन्या वाद्यांच्या पावित्र्याविषयीही थोडे. आमच्या बैठकीत एकाने, 'निदान आपली पेटी तरी आपली आहे', असे समाधान करून घेतले. पेटी जन्मली एकोणिसाव्या शतकात, युरोपात. बसून वाजवायची हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी रुळवली. दशावतारातली पायाने भाता चालवायची पेटी तर त्या मूळ युरोपीय वाद्याच्या अधिक जवळची. ऑल इंडिया रेडिओने 1940 ते 1971 अशी तीन दशके पेटीला दारात उभे केले नव्हते. तेव्हा ट्रिकसीनच्या नाटकांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले म्हणून आज जे गळा काढतात, त्यांनी ही पायपेटीही एकदा अशीच आली होती हे विसरू नये. मी ऑक्टोपॅडचा चाहता नाही. नटाचे पाऊल पाहून आवरते घेणारा हात आणि आधीच भरून ठेवलेला ठेका यांत मला पहिला हवा आहे. पण माझे हे 'हवेपण' मला सिद्ध करता आले पाहिजे, आणि त्यासाठी तो हात नेमके काय करतो याचे वर्णन कोठेतरी असले पाहिजे.

ते कोठे आहे? दशावतारावरचे प्रबंध आपल्या विभागांत आहेत. त्यांत पुराणकथांचे आधार आहेत, संकासुराच्या विनोदाची सामाजिक बाजू आहे, स्त्रीवेषावर प्रकरण आहे. संगीतावर बहुधा एक वाक्य असते : 'साथीला पेटी, मृदंग व झांज असतात.' असतात! 'इन सी'वर नियमांपासून ठोक्यापर्यंत पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, आणि ज्यांच्याकडे ते 'होतेच' त्यांच्याकडे एक वाक्य आहे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावतात, पहाटेच्या गारव्यात ती केव्हा बदलतात, रात्री अकराचा ठेका आणि पहाटे चारचा ठेका यांत काय फरक पडतो, हे कोणी विचारलेले नाही. विचारायला जत्रेत नटांच्या समोर नव्हे, वादकांच्या बाजूला बसावे लागते, आणि तेथे थंडी असते.

एक विद्यार्थी तसा बसला. पहाटेपर्यंत तो मृदंगवाल्याच्या हातांकडे पाहत राहिला. शेवटी त्या म्हाताऱ्याने त्याला फटकारले, "माझ्या हातांकडे कित्याक बघतंस? तेच्या पायांकडे बघ." विद्यार्थ्याने ते वाक्य प्रबंधिकेत जसेच्या तसे घेतले. मार्गदर्शकांनी त्यावर लाल शाईने रेघ मारली आणि समासात लिहिले, 'विषयाशी संबंध नाही.'