दाखल्यापुरती ग्रामसेवा

गेल्या काही वर्षांत आमच्या शहरी सुशिक्षित वर्गाच्या पुण्यकर्मांत एका नव्या कर्माची भर पडली आहे. पावसाळा लागला की पुण्या-मुंबईच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या तुकड्या मावळातील खेड्यांकडे निघतात. तेथे दोन-चार दिवस कोणाच्या तरी घरी उतरावयाचे, चुलीवरची भाकरी खावयाची, चिखलात उतरून चार मुठी भाताचे रोप लावावयाचे, शाळेची भिंत रंगवावयाची आणि परतताना ग्रामसेवा केल्याचा छापील दाखला घेऊन यावयाचे, असा ह्या कार्यक्रमाचा साधारण क्रम असतो. ज्यांची ऐपत अधिक, त्यांची मुले ह्याच कामासाठी नेपाळात किंवा कंबोडियात जातात. मुलांनी खेड्यात जाण्याला आमचा आक्षेप नाही. त्यांनी जावे, आणि आज जातात त्याहून अधिक दिवस जावे. आमचा आक्षेप आहे तो त्या जाण्याला सेवा हे नाव देण्याला. नाव चुकले की हिशेब चुकतो. आणि येथे तो असा चुकला आहे की देणेकरीच सावकार म्हणून मिरवीत आहे.

तेव्हा प्रथम हा हिशेब पाहू. आमच्या बहुतेक वाचकांस मावळ ठाऊक आहे तो आगगाडीच्या किंवा मोटारीच्या खिडकीतून; लोणावळ्याची चिक्की, भुशी धरणाचे फेसाळते पाणी आणि कार्ल्याची एकवीरा एवढाच त्यांचा मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे ज्यांना सांगता येतील असे पदवीधर शंभरांत किती निघतील? परंतु ह्या मुलुखाने शहराला काय दिले त्याची यादी लांब आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी गेली. तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून रेल्वेने भुशीचे धरण बांधले. वळवण, लोणावळे आणि शिरवते येथील तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. शेजारच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी धरणात जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले. स्वातंत्र्यानंतर पवनेवर धरण झाले, त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडला मिळाले. आणि धरणग्रस्तांपैकी कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धे शतक लोटले तरी कज्ज्यांत अडकून राहिला. पुढे द्रुतगती मार्गासाठी जमीन गेली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी त्याच मार्गावर बऊर येथे उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले.

ही यादी आम्ही कोणाच्या जखमेवरची खपली काढण्यासाठी देत नाही. ज्या घरात नळ उघडताच पवनेचे पाणी येते, त्या घरातील मुलगा पवन मावळात जाऊन दोन तास खड्डे खणतो आणि त्याला आपण समाजऋण फेडणे म्हणतो, हे किती विपरीत आहे एवढेच दाखवावयाचे आहे. जी सेवा शतकाहून अधिक काळ खेड्याकडून शहराकडे वाहत आली, तिचा दाखला आजवर कोणी मावळकराला छापून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता त्या कामाकडे वळू. मावळातील भाताची लावणी ही चिखलातली मौज नव्हे. ते कसबाचे काम आहे. उन्हाळ्यात राब भाजून जमीन तयार करावयाची, पावसाच्या तोंडावर बी टाकावयाचे, रोप तीनएक आठवड्यांचे झाले की मुळे न दुखावता उपटून त्याच्या मुठी बांधावयाच्या, खाचरात चिखलणी करावयाची, आणि मग दोन-दोन, तीन-तीन रोपांचा चूड उथळ लावीत मागे मागे सरकावयाचे. रोप खोल गेले तर फुटवे कमी येतात. चुडात रोपे जास्त झाली तर ती एकमेकांस खातात. अंतर चुकले तर पुढे बेणणी अवघड होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ज्या इंद्रायणी तांदळाचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्याचा सुवास शहरातल्या पंगतीत दरवळतो. पण तो दरवळण्यापूर्वी कोणाची तरी कंबर पाऊसभर वाकलेली असते. अशा खाचरात चाळीस अननुभवी मुले उतरली तर काम पुढे जाते की मागे, हे कोणाही शेतकऱ्याला विचारावे. तो पाहुण्यांचा मान राखून हसेल आणि मुले गेल्यावर वाकडे लागलेले चूड घरच्या माणसांकडून मुकाट्याने पुन्हा लावून घेईल.

त्याहून गंभीर गोष्ट घरात घडते. लावणीचे दिवस म्हणजे वर्षातले सर्वांत ओढीचे दिवस. पाऊस कोणासाठी थांबत नाही. नेमक्या त्याच दिवसांत घरी दहा पाहुणे उतरले की त्यांच्या भाकरी कोणी थापावयाच्या? जिचा हात लावणीत सर्वांत जलद चालतो तीच बाई खाचर सोडून चुलीपुढे बसते. मुले तिला प्रेमाने 'मावशी' म्हणतात. शहरात हा शब्द आपण आईच्या बहिणीसाठी किती वेळा वापरतो आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईसाठी किती वेळा, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा. पाहुण्यांचे पैसे मात्र बहुधा घरच्या पुरुषाच्या हाती पडतात. आणि शहरातील आयोजकाने विद्यार्थ्याकडून घेतलेल्या रकमेपैकी किती वाटा त्या घरापर्यंत पोचला, हे ना विद्यार्थ्याला ठाऊक असते, ना त्या बाईला.

ह्या सोंगाला आता विद्यापीठीय व्यवस्थेचाही टेकू मिळाला आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. तिचा हेतू थोर होता आणि तिच्यातून उत्तम कार्यकर्ते निघाले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर असे सेवेचे माप एकदा ठरले, की माप भरणे हेच काम होऊन बसते. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सामाजिक सहभागालाही श्रेयांक आले आहेत. परदेशी विद्यापीठात प्रवेश मागताना असा दाखला उपयोगी पडतो, हे पालकांनीही हेरले आहे. आणि शब्द तरी कसा निवडला? 'दत्तक गाव'! कार्ल्याच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत ज्या 'मामाल' प्रांताचा उल्लेख आहे तो हाच मावळ, असे विद्वान मानतात. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांचा हा वृद्ध. आणि त्याला एकोणीस वर्षांचा मुलगा सात दिवसांसाठी मांडीवर घेतो!

ही विकृती केवळ आमचीच आहे असे नाही. उन्हाळी सुट्टीत मेक्सिकोतील खेड्यांची सेवा करण्यास निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच ह्यांनी २० एप्रिल १९६८ रोजी एक भाषण केले. त्यांनी त्या मुलांना स्पष्ट बजावले की पाहण्यास या, शिकण्यास या, डोंगर चढण्यास या. पण मदत करण्यास येऊ नका. ज्यांची भाषाही तुम्हांस येत नाही त्यांच्यावर तुम्ही आपले भले लादीत आहात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पन्नासहून अधिक वर्षे गेली, पण तो धंदा आटोपला नाही, वाढला. कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांची हौस भागविण्यासाठी अनाथाश्रम वाढले, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचे उघडकीस आले. जेथे दया विकत घेणारे येतात तेथे दयेला पात्र दिसणारे पुरविले जातात, हा बाजाराचा नियम आहे. मावळात गोष्टी त्या थरास गेलेल्या नाहीत. परंतु गरिबी दिसली तरच पाहुणा येतो, असे एकदा गावाच्या लक्षात आले की पक्के घर झाकून कुडाचे घर दाखविण्याचा मोह कोणास होणार नाही?

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, की निदान मुलांवर संस्कार तरी होतात. होतात, पण कोणते? दोन दिवसांत आपण एका गावाचे काही भले करू शकतो, हा संस्कार अज्ञानाचा नसून अहंकाराचा आहे, आणि अज्ञानापेक्षा तो काढणे अधिक कठीण. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध केला तो वर्षानुवर्षे गावे पाहून, लोकांचे ऐकून. ज्याला गावाचा सातबारा वाचता येत नाही, ठाकर आणि कातकरी ह्यांच्यातील भेद कळत नाही, पाणी गावात असून हंडा डोईवर का आहे हे विचारण्याचे सुचत नाही, त्याने प्रथम विद्यार्थी व्हावे.

दुसरा आक्षेप असा, की गावाला चार पैसे मिळतात. अवश्य मिळावेत! परंतु पैसा हा पाहुणचाराचा आणि कसबाचा मोबदला म्हणून उघडपणे दिला, तर घेणाऱ्याची मान ताठ राहते; तोच पैसा सेवेच्या पांघरुणाखाली आला तर घासाघीस करण्याचीही त्याला चोरी होते. उपकार करावयास आलेल्याकडे दर कसा मागावा?

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यावर लोटणाऱ्या बेभान गर्दीपेक्षा हे बरे नाही काय, असे विचारले जाईल. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चौघे दगावले. त्या गर्दीशी तुलना केली तर एखाद्या घरी शांतपणे राहणारा विद्यार्थी शतपटीने बरा, ह्यात शंका नाही. म्हणूनच तर आम्ही जाणे बंद करा असे म्हणत नाही. जाण्याची रीत बदला असे म्हणतो.

ती रीत नव्याने शोधावयासही नको. राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडीची माणसे दुर्गप्रेमींना कित्येक वर्षे आपल्या घरी जेवू-खाऊ घालीत आली आहेत. येणारा येतो, पडवीत पथारी टाकतो, जेवणाचे पैसे देतो आणि निरोप घेतो. कोणी कोणावर उपकार केला असे कोणासही वाटत नाही. नेपाळातील सिरुबारी ह्या गुरुंग लोकांच्या गावाने १९९७ च्या सुमारास घरोघरी पाहुणे ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा पाहुणा कोणत्या घरी जाईल हे गावच्या समितीने पाळीपाळीने ठरवावे असा दंडक घातला. अर्थात गावातला एकच सधन घरधनी सर्व पाहुणे ओढून नेऊ शकत नाही. आमच्याच अकोले तालुक्यातील पुरुषवाडीला लोक काजवे पाहण्यास जातात, आणि तेथेही यजमान गावकरीच असतात.

मावळातही हेच व्हावे. किती पाहुणे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दराने, हे ग्रामसभेने ठरवावे. लावणी-कापणीच्या ओढीत गावाने 'नको' म्हटले तर तो नकार महाविद्यालयाने निमूट मानावा. जी स्वयंपाक करते तिचे पैसे तिच्याच हाती किंवा तिच्या बचत गटाच्या खात्यावर पडावेत. शेतात उतरावयाचे ते शिकाऊ म्हणून, आणि शिकविणाऱ्या शेतकऱ्याला शिक्षकाचे मानधन देऊन. छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये. विद्यापीठाला श्रेयांक द्यावयाचेच असतील तर ते सेवेच्या तासांना न देता ज्ञानाला द्यावेत: विद्यार्थ्याने गावाचे पाणी, जमीन, पीक आणि स्थलांतर ह्यांविषयी जे जाणले ते मराठीत लिहून ग्रामसभेपुढे वाचावे, आणि चुकले असेल तेथे गावाने त्याला सुधारावे. अशी परीक्षा आमच्या विद्यापीठांतील कित्येक परीक्षांहून कठीण ठरेल.

आणि ज्यांना खरोखरच मावळाची सेवा करावयाची आहे त्यांच्यासाठी काम थोडे नाही. मात्र ते दोन दिवसांत आटोपणारे नाही आणि बरेचसे शहरातच करावयाचे आहे. धरणग्रस्तांचे अर्ज कोणत्या कचेरीत अडले आहेत ते वर्षानुवर्षे पाठपुरावा करून शोधणे, आपल्या नळाच्या पाण्याचा उगम आपल्या मुलांना सांगणे, भाताला रास्त भाव देणे, डोंगरउतारावर बंगला घेण्यापूर्वी त्या जमिनीचा पूर्वीचा मालक आज त्याच बंगल्यावर राखणदार आहे काय हे विचारणे, ही ती सेवा होय. तिच्यात चिखलातले छायाचित्र निघत नाही. पालकांनो, आपल्या मुलांना मावळात अवश्य पाठवा. पण निघताना त्यांना सांगा की तुम्ही देण्यास जात नाही, घेण्यास जात आहात. तेव्हा पाहुण्यासारखे वागा, जेवणाचे पैसे द्या, आणि दाखला मागू नका.