गाणं कुणाच्या यादीत?

मंडळी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुबईहून शारजाकडे निघालात की अल इत्तिहाद रोडवर पाऊण तास तरी तुमची आणि रेडिओची गाठ पडतेच. मागे मुलं बसली असतील तर बटण कुणी दाबायचं यावर आधी एक लढाई. मग १०१.६ नाहीतर ८९.१, म्हणजे हिंदी. मिरचीसुद्धा २०१२ साली अबू धाबी मीडियाशी हातमिळवणी करून इथे आली, तीही हिंदीच. शेजारच्या गाडीतल्या केरळी कुटुंबाला ९६.७ आणि १०१.३ अशी हक्काची मल्याळम स्टेशनं. तमिळ मंडळींसाठी ८९.४ निघालं, फिलिपिनो मंडळींसाठी टॅग ९१.१. आता मराठीसाठी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. सापडलं तर मला कळवा.

यावर आपल्याकडे ठराविक उत्तर असतं, "आपली संख्याच कमी हो!" अर्धं खरं आहे ते. पण व्यापारी रेडिओ डोकी मोजत नाही, जाहिराती मोजतो. मल्याळम स्टेशन कशावर चालतं ते एक तास लक्ष देऊन ऐका. सोन्याची पेढी, सुपरमार्केट, गावी पैसे पाठवणारं एक्स्चेंज, विमानाची तिकिटं, पुन्हा सोन्याची पेढी. दुकानदाराला ठाऊक असतं की आपलं गिऱ्हाईक याच भाषेत ऐकतंय, म्हणून तो त्या भाषेत पैसे घालतो. आपलं काय? आपल्याला हिंदी कळतं, आवडतं, आणि हिंदीतली जाहिरातही आपल्यापर्यंत पोचते. मग मराठीसाठी वेगळा दिरहम कोण कशाला मोजेल? आपल्या समजूतदारपणाची किंमत आपणच भरतोय, दुसरं काय.

हा खेळ जुनाच आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण केसकर. आपलेच, पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय करावं? सरळ रेडिओ सिलोन लावलं! त्याच साली तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून अख्ख्या हिंदुस्थानात ऐकू यायची. खर्च कुणाचा? टूथपेस्टचा. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविधभारती काढावी लागली. मंत्र्याच्या अभिरुचीपुढे टूथपेस्ट जिंकली, असं आमचे एक स्नेही म्हणतात, आणि मला ते पटतं.

पण पैसा म्हणजे अर्धीच गोष्ट. यादी कोण करतो, ही उरलेली अर्धी. जाहिराती, ट्रॅफिक, बातम्या आणि निवेदकाची टकळी वजा केली की तासाला दहा-बारा गाणी उरतात. तीच तीच फिरून येतात, आणि ती फिरून यावीत अशीच योजना असते. जपानात ओसाकाला एफएम८०२ नावाचं स्टेशन आहे, १९८९ साली सुरू झालेलं, तरुण पोरांचं लाडकं. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट तिचा झेंडा केला. दर महिन्याला मोजकी गाणी निवडायची, त्यांना 'हेवी रोटेशन' म्हणायचं आणि महिनाभर वाजवत राहायचं. नवख्या गायकाचं गाणंसुद्धा महिनाअखेरीस पोरांना तोंडपाठ.

त्याहून मजेदार गोष्ट तोक्योच्या जे-वेव्हची. १९८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं तेव्हा तिथे बहुतेक परदेशी गाणी वाजत, इंग्रजी बोलणारे निवेदक असत, आणि तोच त्यांचा रुबाब होता. जपानी गाणं घ्यायचं तर पंचाईत, रुबाब जायचा! मग १९८८-८९ च्या सुमाराला परदेशी गाण्यांच्या शेजारी शोभतील अशी निवडक जपानी गाणी घ्यायला सुरुवात झाली आणि त्यांना 'जे-पॉप' असं नाव मिळालं. जुन्या वळणाची एन्का गाणी त्यात बसत नव्हती, ती बाहेरच राहिली. आज हा शब्द जगभर चालतो. घरचंच गाणं, पण नवं नाव आणि शेजार बरा मिळाल्याबरोबर पोरांना त्याची लाज वाटेनाशी झाली.

ही लाज आपल्या घरात ओळखीची आहे. इथे वाढलेल्या मुलांना मराठी गाणं म्हणजे गणपतीची आरती नाहीतर बाबांची भावगीतं. शाळेत हिंदी भेटतं, अरबी भेटतं, मराठी नाही. म्हणजे घराचा उंबरठा ओलांडला की भाषा संपली. जी भाषा बाहेर कुठेच ऐकू येत नाही ती फक्त आईबापांची, असं पोराने ठरवलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

आणि गाणी नाहीत असंही नाही हो. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि अजय-अतुलच्या 'झिंगाट'वर इथल्या लग्नांच्या हॉलमध्ये पंजाबी, गुजराती पोरंसुद्धा एक अक्षर न कळता नाचली. पण दोन वर्षांनी 'धडक' आला आणि झिंगाट हिंदी झालं. हिंदी यादीत हक्काने बसायला त्याला भाषा बदलावी लागली, हे मला अजून खुपतं. २०२४ ची गोष्ट वेगळी. संजू राठोडची 'गुलाबी साडी' मराठीतच राहिली आणि तशीच फोनाफोनांवर फिरली. ती आमच्या पोरांनी आम्हाला ऐकवली, आम्ही त्यांना नाही. काहीजण म्हणतील, मग रेडिओ हवाच कशाला, फोन आहे ना? आहे. पण फोन कानात असतो, एकट्याचा. गाडीतला रेडिओ सगळ्यांना एकदम ऐकावा लागतो, आणि सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या गाडीलाही.

म्हणून एक सुचवतो. महाराष्ट्र दिनाला "एक मराठी गाणं लावा ना" म्हणून स्टेशनला फोन करणं आता पुरे. दरवर्षी तेच, आणि दोन मेपासून पुन्हा सामसूम. आपल्यात केटरर आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, कार्गोवाले आहेत, ट्रॅव्हलवाले आहेत. आठ-दहा जणांनी मिळून आठवड्याचा एक तास प्रायोजित करण्याबद्दल निदान दर तरी विचारावा. शुक्रवारी संध्याकाळचा मिळाला तर उत्तम. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झालीय, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सगळा गाव गाडीतच असतो.

गाणी कुठली यावर कार्यकारिणीत रण माजेल हे उघड आहे. एक गट सुधीर फडक्यांपासून हलणार नाही, दुसऱ्याला नाट्यसंगीत हवं. त्या बैठकीला चौदा ते वीस वयाची चार मुलं बोलवा, यादी त्यांच्या हातात द्या, आणि आपण चहा सांभाळा. बाबूजींचं एखादं गाणं तेही घेतील, विचारून बघा.