लाल गोळी आणि शेजारीण

लोहाची सरकारी लाल गोळी घरोघरी पोहोचते; ती पोटात जाईलच असं नाही. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या आशाताईंना विचारा. ‘मळमळतं’ म्हणून पाकीट फडताळात पडून राहतं. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी, हे डॉक्टर एकदा सांगतात. जेवल्यावर घे, वर लगेच चहा नको, भाजीवर लिंबू पिळ, हे रोज सांगायला शेजारीणच लागते. सासूला समजवायलाही तीच!

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण 48 टक्के होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलची भर. कापूस वेचताना येणारी चक्कर मात्र ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणून खपवली जाते. याचा राग यायला हवा.

बचत गटात कुणाचा हप्ता थकला, की साऱ्याजणी तिच्या दारात हजर. तिच्या रक्ताची चौकशी कोण करतं? जळगाव-धुळ्यातल्या गटांना विनंती: पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा आणि प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.